तीन तलंगा

गंगवाल बसस्टँडवर झाबुव्याची बस रिकामी झाली
तेव्हा सगळ्यांत शेवटी नानसिंग उतरला,
डोक्यावर डालगा, डालग्यात तीन तलंगा.
पिसं काळी, पाय काळे, तुरा काळा,
चोच उघडली तर जीभसुद्धा शाईत बुडवलेली.
"रात में बिठाना, सिस्टर," तो म्हणाला,
"अंधेरे में सब एक रंग."
पैसे दोनदा मोजले. डालगा परत मागून घेतला.
मी तिघींना ड्यूटीच्या पिशवीत घेऊन
एप्रनखाली तीन काळजं धडधडत घरी आले.

बियाबानीतलं आमचं परसू ते केवढं,
दोन खाटा टाकल्या की संपलं.
तिथे आधीच पाच नांदतात:
लाल, कबरी, लंगडी, पांढरी कमल,
आणि सगळ्यांवर मेट्रन.
तुरा डाव्या डोळ्यावर कललेला,
अंडं देणं सोडून दीड वर्ष झालं
तरी दाण्यात पहिली चोच तिचीच.

दहा दिवस जुन्या कूलरच्या सांगाड्यात ठेवल्या.
नाक वाहतं का, डोळे चिकटतात का,
विष्ठा पातळ आहे का, सकाळ-संध्याकाळ बघत होते.
चार्ट तेवढा लावला नाही.
कूलर रोज हातभर खुराड्याकडे सरकवायचा.
मेट्रन जाळीभोवती राउंड घ्यायची,
काही बोलायची नाही.

अकराव्या रात्री, आठची ड्यूटी संपवून,
एकेकीला छातीशी धरून दांड्यावर बसवली.
लंगडीशेजारी एक, कमलच्या पलीकडे दोन.
कुणीतरी झोपेत कुरकुरलं, सरकलं.
मला वाटलं, जमलं.

सकाळी कुणी काही विसरलं नव्हतं.

काळ्या तुऱ्यावर रक्त दिसत नाही,
बोटाला लागलं तेव्हा कळलं.
जांभळं औषध लावलं, पाण्याची भांडी दोन केली,
पत्रा तिरका ठेवला, पळून लपायला,
कोबीचा गड्डा सुतळीने टांगला,
की चोचींना दुसरं काही काम मिळावं.
छावणीतून आणलेले पोहे, जिरावण झटकून,
दोन कोपऱ्यांत टाकले.
धैर्यशील म्हणाला, "आत्या, मेट्रनलाच काप ना,
एक रविवार निघेल."

पण मेट्रन नव्हतीच टोचत.
ती एकदाच टोचायची, जागा दाखवायला, आणि चालू पडायची.
दिवसभर पाठीशी लागायची ती लंगडी.
कालपर्यंत जिला शेवटचा दाणा मिळत होता,
दांड्याच्या टोकाला पावसाच्या झडीत जी बसायची,
ती एका पायावर उड्या मारत मारत
त्या तिघींना पत्र्याखाली कोंडून ठेवत होती.

एमवायच्या हॉस्टेलात पहिल्या वर्षी
मला संडासाजवळची खाट मिळाली होती.
सीनियर माझं दूध पिऊन टाकायच्या,
इस्त्रीची साडी माझी, नेसणार त्या.
पुढल्या जुलैत बडवानीची एक मुलगी आली,
कडीची ट्रंक, केसांना एरंडेल.
तिला माझी खाट दिली.
दूध कुणी प्यायलं, मला ठाऊक आहे.

लंगडीला मी दोन दिवस कूलरमध्ये घातलं.
रागाने नाही. थोडं रागाने.
बाहेर आली तेव्हा तिला कळेना
कोण तिच्या वरचं, कोण खालचं.
त्या गोंधळात पोहे सगळ्यांनीच खाल्ले.

मग एका दुपारी कूलरमागच्या भुश्यात
अंडं. लहानसं, सायीच्या रंगाचं,
एका बाजूला रक्ताची रेघ.
भिंतीवरून रुखसानाने विचारलं,
"काळं नाही का निघालं?" तिला जरा वाईटच वाटलं.
मेट्रन आली. मान वाकडी करून
एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या.
चोच मारली नाही. निघून गेली.

आता तीन आठवडे झाले.
रात्री बॅटरी मारून मोजते, आठ भरतात.
दांड्यावर पाच एकीकडे, तीन एकीकडे,
मधे अजून वीतभर जागा सुटलेली.
थंडी पडली की भरेल.
यंदा थंडी उशिरा आहे.